यमुनाक्काचे तीन तोळ्यांचे तीर

यमुनाक्का गेल्याची बातमी मला कारखान्याच्या फाटकावर कळली. दुपारची जेवणाची सुट्टी होती. अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात शंकर नावाचे निदान दहा-पंधरा जण असतील, पण उल्हासनगरहून सायकल मारत आलेल्या त्या सिंधी गृहस्थाने माझं नाव घेतलंच नाही. पहारेकऱ्याला त्याने विचारलं, "यमुना अदी का भाई कौन है?" सिंधीत बहिणीला अदी म्हणतात. पहारेकरी आमच्या बदलापूरकडचा, त्याला आमचं घर ठाऊक, त्याने लगेच मला बोलावणं धाडलं. गेली नऊ वर्षं मी तिथे तपासनीस आहे, माझी सही झाल्याशिवाय आमच्या खात्यातला एक तुकडा पुढे सरकत नाही, आणि फाटकावर माझी ओळख काय, तर यमुनेचा भाऊ! मला ते झोंबलं. झोंबलेलं तोंडावर दिसू नये म्हणून मी हसून पुढे झालो, आणि मग तो गृहस्थ टोपी काढून म्हणाला, "अदी गुजर गई, भाऊ. तीन दिन बुखार था बस..." म्हणजे आधी झोंबलं आणि मग दुःख झालं. मधे पाव मिनिट गेलं असेल. ते पाव मिनिट गेला दीड महिना माझा पिच्छा सोडत नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

गेलेल्या माणसाविषयी चांगलंच लिहावं असा रिवाज आहे. आक्काविषयी वाईट लिहायला मला काही सापडलेलंच नाही, आणि शोधायला मी कमी केलेलं नाही. लहानपणापासून शोधतो आहे. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा मला न्हाऊमाखू घालणं, शाळेत पोचवणं, आजारपणात उशाशी बसणं हे सगळं तिने केलं. अशा बहिणीचा कुणी मत्सर करतं का? मी केला. उभा जन्म केला. आणि त्याचं कारण काय म्हणाल, तर तीर.

आमचं घर सोनिवलीचं. भात, वाल आणि वरकसावर थोडी नाचणी एवढी शेती. बंदुकीचा परवाना गावात एकाच घरात होता, बाकी सगळ्यांचा भरवसा तीरकामठ्यावर. डोंगरातून रानडुकरं उतरायची आणि एका रात्रीत वालाचं वावर नांगरल्यासारखं करून ठेवायची. म्हणून दर हिवाळ्यात गाव एकदोनदा हाका घालायचं. पोरंबाळं, बायामाणसं डबे वाजवत एका बाजूने जाळी झोडपत यायची आणि दुसऱ्या बाजूला ओढ्याकाठी कामठेवाले दबा धरून बसायचे. त्यात पहिली जागा आमच्या बाबांची. डोंगरातल्या ठाकर आदिवासींकडून ते तरुणपणी शिकले होते. बाबांचा तीर लागला की डुक्कर दहा पावलांपुढे जात नाही, असं सगळी आळी म्हणायची. आणि बाबांचे तीर बाबा करत नाहीत, ते यमुनाक्का करते, हे फक्त आम्हा तिघांना ठाऊक होतं.

हे लपवण्याचं कारण सांगतो. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी आक्का लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन पालेगावहून माहेरी परत आली. आणि आमच्याकडची रीत अशी की शिकारीच्या तीराला बाईचा हात लागू नये. कुंकवाच्या बाईचासुद्धा नाही, मग विधवेची तर गोष्टच नको. पण बाबांचे हात तेव्हा संधिवाताने वळायला लागले होते. कामठा ओढता यायचा, पण दोऱ्याचं बारीक काम जमत नव्हतं. एका दुपारी त्यांनी अर्धवट टाकलेला तीर आक्काने उचलला, तर्जनीवर आडवा ठेवला, तो शेपटीकडे कलला तशी म्हणाली, "बाबा, ह्यो शेपूट हालवत जाईल." बाबांनी तो बाहेर नेऊन मारला. खरंच तो हवेत फडफडत, वाकडा गेला. त्या दिवसापासून मागच्या पडवीचं दार लावून आक्का तीर करायला लागली.

मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होतो. अभ्यास करता करता कोपऱ्यातून बघायचो. बांबूच्या सरळ काड्या ती पावसाळाभर चुलीवरच्या शिंकाळ्यात धुराला टांगून ठेवायची, कारण ओली काडी वाळली की हलकी होते आणि मग आधी केलेलं सगळं माप फुकट जातं. वजनासाठी तिने दोन करवंट्यांचा तराजू केला होता आणि मापं म्हणून रानातल्या लाल गुंजा. शहाण्णव गुंजांचा तोळा. डुकराचा तीर तीन तोळ्यांचा, सशाचा दोन तोळ्यांचा, हे तिचं ठरलेलं. प्रत्येक वेळी दोनशेअठ्ठ्याऐंशी गुंजा कोण मोजत बसणार, म्हणून तिने ओढ्यातला एक गोटा घासूनघासून तेवढ्याच वजनाचा केला. तीर हलका भरला तर पात्यामागे लाखेत भिजवलेला दोरा गुंडाळायची, जड भरला तर काडी काचेने खरवडायची. पण वजन जुळलं म्हणजे झालं असं नव्हे. तीर बोटावर ठेवला की तो मधोमध तोलला तर चालायचा नाही, मध्यापासून चार बोटं पात्याकडे तोलला पाहिजे. "डोकं जड पाहिजे," ती म्हणायची, "म्हंजे वाट चुकत नाय." हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. चौथीपर्यंतची शाळा एवढंच तिचं शिक्षण.

बाबा ते तीर हातात घेऊन फिरवून बघायचे तेव्हा त्यांच्या तोंडावर जे यायचं, ते मी मॅट्रिक झालो तेव्हा आलं नाही. मी पास झाल्याचं सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं," आणि बैलाला पाणी दाखवायला गेले. अंबरनाथला नोकरी लागली तेव्हाही तेच. कारखान्यात मी इंचाचा हजारावा भाग मोजायला शिकलो. साहेब माझ्या पाठीवर हात ठेवून इतरांना सांगायचे, नजर असावी तर अशी. तो हात पाठीवर घेऊन मी सायकलने सोनिवलीला यायचो आणि घरी काय, तर "यमुनेला इचार." बियाणं किती लागेल, यमुनेला इचार. गाय गाभण आहे का, यमुनेला इचार. एकदा मी चिडून म्हणालो, "मी पण या घरातच राहतो, बाबा." तर ते खरोखर चकित होऊन म्हणाले, "मग? कोन नाय म्हनतंय?" त्यांना कळलंच नाही. आक्काला मात्र कळलं. त्या रविवारी तिने मुद्दाम बाबांसमोर मला विचारलं, "शंकर, या पात्याचा कोन बरोबर हाय का रे?" त्याने तर मी आणखीच पेटलो. दुसऱ्याने आपल्या ताटात वाढलेला मोठेपणा घशाखाली उतरत नाही.

मग मी ठरवलं की तिची चूक काढायची. उल्हासनगर तेव्हा नवंनवं वसत होतं. लष्कराच्या जुन्या बराकींतून सिंधी निर्वासित राहायला आले होते आणि रस्त्याच्या दुतर्फा त्यांनी वाटेल ते विकायला मांडलं होतं. तिथे एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे मला सोनाराचा पितळी काटा मिळाला, काचेच्या पेटीतला. "सोना तौलोगे क्या, बेटा?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "बहन की गलती तौलूँगा." तो हसला नाही. म्हणाला, "इसके लिए तराजू नहीं बना." मला त्याचा रागच आला. घरी येऊन मी आक्काचे सात तीर एकेक करून काट्यावर घातले. सातांमधला सगळ्यात जड आणि सगळ्यात हलका यांच्यात दोन गुंजांचा फरक. दोन गुंजा! करवंट्यांच्या तराजूवर! आमच्या कारखान्यातले काही जण यंत्रावर याहून गबाळं काम करतात. मी काटा पेटीत ठेवला आणि म्हणालो, "दोन गुंजांचा फरक येतोय." आक्का गंभीरपणे म्हणाली, "कंच्यात? दाव, काडते." आणि खरंच तिने तो फरक काढून टाकला.

आता मुख्य गोष्ट. ती सांगायचं टाळत इथवर आलो.

कारखान्याच्या वर्गात आम्हाला थोडं पदार्थविज्ञान शिकवायचे. फिरत्या, उडत्या वस्तूत जोर किती असतो तो काढण्याचं सूत्र तिथे मला भेटलं. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. वेगाचा वर्ग होतो हे ऐकताच माझ्या डोक्यात तीर शिरला. वजन दुप्पट केलं तर जोर दुप्पट, पण वेग दुप्पट केला तर जोर चौपट! म्हणजे जड तीर करणारी आक्का चुकते आहे. हलका तीर करा, तो जोरात सुटेल, आणि वेगाचा वर्ग होऊन डुकराला आरपार भेदून जाईल. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी अंबरनाथ ते सोनिवली सायकलवरून मी गात आलो.

पण मी तपासनीस. मोजल्याशिवाय मला चैन पडेना. मार्गशीर्षात भात कापून रिकाम्या झालेल्या शेतात मी बाबांचा कामठा घेऊन एकटाच गेलो. दोन तोळ्यांचा आणि तीन तोळ्यांचा, असे तीर एकाच ओढीने, एकाच तिरक्या रोखाने दहादहा वेळा सोडले आणि पावलांनी अंतर मोजलं. हलका सरासरी एकशेसत्तर पावलं गेला, जड एकशेतीस. त्या रोखाने सोडलेला तीर जितका लांब जातो, त्या मानाने त्याच्या वेगाचा वर्ग असतो, हे मला ठाऊक होतं. म्हणजे नुसतं वजन गुणिले पावलं केलं की झालं. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये चहाचा कप बाजूला सारून मी तो गुणाकार केला. हलक्याचे तीनशेचाळीस. जडाचे तीनशेनव्वद... मी पुन्हा केला. पाढे विसरलो की काय म्हणून बोटांवर केला. उत्तर तेच. सूत्र खरं होतं, मी खोटा होतो. एकच कामठा हलक्या तीराला वेग देतो खरा, पण हवा तितका देत नाही, आणि जड तीर सगळी ताकद पोटात घेऊन जातो. चौथी शिकलेल्या माझ्या बहिणीने, सूत्राचं नावही न ऐकता, बोटावर तीर ठेवून हे ओळखलं होतं.

हे मी घरी जाऊन सांगितलं असतं तर आज हा लेख वेगळा झाला असता. मी सांगितलं नाही. त्या संध्याकाळी ओट्यावर बाबांसमोर पाटी घेऊन बसलो, सूत्र लिहिलं, वेगाचा वर्ग कसा होतो ते समजावलं आणि म्हणालो, "मी शेतात मोजून बघितलंय, बाबा. हलका तीर चाळीस पावलं पुढे जातो. हलकाच जास्त जोराचा." यातलं शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं खरं होतं. बाबांना अक्षरं कळत नव्हती, पण ते पाटीकडे देवाच्या टाकांकडे बघावं तसे बघत राहिले. मग आक्काला हाक मारून म्हणाले, "यमुने, औंदा दोन तोळ्यांचे तीर कर. शंकरनं हिशोब काडलाय." आक्का पदराला हात पुसत बाहेर आली. "बाबा, दोन तोळ्यांचा तीर सशाचा. डुकराचा नाय. डुकराच्या खांद्याला कातड्याची ढालच असतीय." बाबा म्हणाले, "त्यो शिकलाय." तिने माझ्याकडे बघितलं. "मोजलायस ना रं नीट?" मी म्हणालो, "दहादहा वेळा." ती म्हणाली, "मग करते." आणि बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा. साहेबांच्या हाताचं त्यापुढे काहीच नव्हतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा क्षण कोणता असं विचारलंत तर लाज वाटते, पण तोच.

पौषात हाका घातला. सकाळचं स्वच्छ ऊन होतं. मी बाबांच्या मागे झाडावर बसलो होतो, शिकार नीट दिसावी म्हणून. डब्यांचा आवाज जवळ आला, जाळी हलली आणि भलामोठा दात्या डुक्कर ओढ्यात उतरला. बाबांनी तीर सोडला. तो असा काही सरळ आणि वेगात गेला की मी क्षणभर स्वतःवरच खूश झालो. खांद्यावर नेमका बसला... आणि बोटभर शिरून लोंबकळत राहिला. आत गेलाच नाही. डुक्कर वळला. बाबांना दुसरा तीर लावायला वेळ मिळाला नाही. शेजारच्या आडोशातून धाकूकाका भाला घेऊन धावले, त्यांनी त्याला लोळवला, पण तोवर बाबांची मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत फाटली होती. बाजेवर घालून त्यांना बदलापूरला आणि तिथून गाडीने कल्याणच्या दवाखान्यात नेलं. सोबत आक्का गेली. मीही जायला निघालो होतो, पण धाकूकाकांनी मला थांबवलं. "तू ऱ्हा. गावात बोलनं व्हनार हाय."

धाकूकाका बाबांच्या बरोबरीचे, शिकारीच्या रीतीभातीत त्यांचा शब्द शेवटचा. दुपारी सगळी माणसं आमच्या अंगणात बसली. तो तीर डुकराच्या खांद्यातून उपटून मधे ठेवला होता. धाकूकाकांनी विचारलं, "शंकर, तुज्या बापाचा तीर कदी असा लटकला नाय. ह्यो तीर कुनी केला?" मला एवढंच म्हणायचं होतं की तीर हलका होता आणि हलका करायला मी सांगितलं. तोंडात आलं होतं. पण समोर पंचवीस माणसं होती, बाबांचा हात माझ्या खांद्यावर पडून जेमतेम महिना झाला होता. मी म्हणालो, "तीर आक्का करते. चार वर्षं झाली." सगळ्यांच्या डोळ्यांत उत्तर मिळाल्यासारखं दिसलं. विधवेचा हात लागला, म्हणून तीर फुकट गेला आणि घरधनी मरता मरता वाचला. चार वर्षं त्याच हातच्या तीरांनी डुकरं पडली होती, हे एकालाही सुचलं नाही, आणि मी सुचवलं नाही. घरातले सगळे तीर काढून अंगणातच जाळले. तो गोटासुद्धा कुणीतरी ओढ्यात फेकून दिला.

आक्का बाबांना घेऊन दीड महिन्याने परत आली तेव्हा सगळं गावभर झालेलं होतं. हळदीकुंकवाचं बोलावणं तिला तसंही नव्हतं, पण आता भाताच्या लावणीलाही तिला कुणी बोलावेना, विहिरीवर बायका घागर बाजूला घ्यायला लागल्या. एकदा धाकूकाकांनी तिला तोंडावर विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "व्हय, माजाच हात हाय त्याला." एवढंच. मला तिने एका शब्दाने काही विचारलं नाही. तिने विचारावं, भांडावं, म्हणजे मीही भांडेन, असं मला वाटायचं. चोराच्या मनात चांदणं! पुढच्या उन्हाळ्यात ती उल्हासनगरला गेली. मोहिनीबाई म्हणून एक सिंधी बाई तिथल्या बराकीत पापडांचा उद्योग करतात, त्यांच्याकडे कामाला. "माज्यामुळे तुमच्या दारात मानूस येत नाय," एवढं बाबांना सांगून, दोन लुगडी घेऊन गेली. त्यानंतर घरात तिचं नाव निघालं नाही.

आणि मला हवं होतं ते मिळालं. बाबा लंगडत चालायचे, पण माझ्यावर त्यांनी कधी डोळा वटारला नाही. उलट बियाण्यापासून बांधाच्या तंट्यापर्यंत सगळ्यांना सांगायचे, "शंकरला इचारा." सात वर्षं मी ते ऐकलं. गुन्हा पचला म्हणा, पण बाप मिळाला, असं मी मनाशी धरून चाललो.

या काळात आक्काकडे मी दोनदा गेलो. शेवटचा गेलो त्याला वर्ष झालं असेल. बराकीच्या लांबलचक खोलीत दहाबारा बाया पापड लाटत बसल्या होत्या आणि मधे आक्का पिठाच्या लाट्या तोडत होती. प्रत्येक लाटी तळहातावर क्षणभर तोलायची आणि पुढे सरकवायची. मोहिनीबाई कौतुकाने मला म्हणाल्या, "हमारा काँटा है आपकी बहन. सरकार नया ग्राम ला रही है ना, सब लोग परेशान हैं, पर अदी का हाथ नहीं बदलेगा." बाया हसल्या. एकीने आक्काच्या तोंडात गुळाचा खडा घातला. मी चहा घेतला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. सांगायलाही लाज वाटते. जिचं घर मी तोडलं, तिला दुसरं घर मिळालं याचाही मला मत्सर वाटला! शिवाय तिने बाबांची साधी चौकशी केली नाही. किती दगड मनाची, असं मी घरी येऊन शेजाऱ्यांना सांगितलंसुद्धा.

तिचे दिवस उल्हास नदीच्या काठी मी केले. दहाव्याला मोहिनीबाई आल्या. माझ्याशी दोन शब्द बोलून त्या सरळ बाबांपाशी गेल्या, त्यांच्या पायांशी बसल्या आणि रडायला लागल्या. ओळख असल्याशिवाय असं कुणी रडत नाही. परत जाताना त्या मला म्हणाल्या, "अब बाबा का इतवार कैसे जाएगा? छह साल में एक इतवार नहीं छोड़ा. अदी अखबार पढ़के सुनाती थी, पूरा, पहले पन्ने से. बुखार से पहले वाले इतवार भी सुनाया..." बाबा रविवारी काठी टेकत बदलापूरच्या बाजाराला जातात, असंच मी इतकी वर्षं समजत होतो. तिने चौकशी का केली नाही तेही तेव्हा कळलं. आठवड्याला ज्यांना डोळ्यांनी बघायची, त्यांची चौकशी माझ्याकडे कशाला करेल?

मी रागावलो. नदीकाठी, दहाव्याच्या दिवशी, मी बापावर रागावलो. म्हणालो, "मला सांगायला काय झालं होतं?" बाबांनी काठी जमिनीत रोवली. मग म्हणाले, "तिनंच नको सांगितलं. म्हनाली, शंकरला वाटंल मी तुमाला त्याच्यापासून तोडतेय." आणि मग, माझी समजूत काढावी तशा आवाजात, ते पुढे बोलले. "तू मनाला लावून घेऊ नको. तुजा हिशोब बरोबर व्हता. दवाखान्यात मी शुद्धीवर आलो तवाच तिनं सांगितलं मला. बाबा, शंकरनं बरोबर सांगितलं व्हतं, मीच पाती पातळ लावली, माजी चूक झाली, त्याला कदी बोलू नका म्हनाली... मी नाय बोललो."

तीर बोटावर ठेवताच त्याचा तोल जिला कळायचा, तिला माझा हिशोब खोटा होता हे पहिल्या दिवसापासून कळलं असणार. पाती नेहमीचीच होती, ती मीच लोहाराकडून आणली होती. म्हणजे "शंकरला इचारा" हे जे सात वर्षं मी कमाई म्हणून मिरवलं, तेही तिनेच मला दिलेलं. बापसुद्धा माझ्या वाट्याला आला तो तिच्या हातून. आणि खरं सांगू? हे कळल्यावर पहिलं काय वाटलं असेल, तर पुन्हा तेच. एवढं मोठं मन तिला कुठून मिळालं, आणि मला का नाही मिळालं... सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो असा.

बाबांना मी तिथे खरं सांगितलं नाही. पुढचा रविवार आला. बाबांनी सकाळीच धुतलेलं धोतर नेसलं, काठी घेतली आणि ओट्यापर्यंत येऊन थांबले. जायला ठिकाण नव्हतं. तसेच खाली बसले. मी बदलापूरला जाऊन पेपर घेऊन आलो आणि त्यांच्यासमोर वाचायला लागलो. दोन बातम्या झाल्यावर त्यांनी हात वर केला. "सावकाश वाच. ती सावकाश वाचायची. मधलं काय गाळायची नाय." त्यानंतरचे रविवार मी तसाच वाचतो, पहिल्या पानापासून पुरवणीच्या शेवटच्या ओळीपर्यंत. ते डोळे मिटून ऐकतात आणि माझ्या आवाजात तिचा आवाज शोधत असतात हे मला दिसतं. झोंबतं, पण वाचतो.

हा लेख संपादकांना पसंत पडला तर तो रविवारच्या पुरवणीत येईल. बाबा ओट्यावर बसलेले असतील. ज्या गोष्टी मला सात वर्षांत त्यांना सांगता आल्या नाहीत, त्या मला त्या दिवशी सावकाश वाचून दाखवायच्या आहेत, मधलं काही न गाळता.